पिकअपची परीक्षा

बाबांनी मला ही पिकअप ठेवू कशी दिली, असं सगळे विचारतात. त्याचं श्रेय आत्याचं.

परदेशात शिकून रायपूरला परतलो, तो गावोगावी पुस्तकं पोहोचवायचीच या जिद्दीने. त्यासाठी जुनी पिकअप घेतली आणि खराब रस्त्यांसाठी चांगली उंच करून घेतली. बाबा म्हणाले, "आत्याला अभनपूरला नेऊन आण. ती चांगली म्हणाली तर ठेव, नाहीतर विकून टाक."

सकाळी स्टूल लावून आत्याला कसंबसं वर चढवलं. गुढियारी वस्ती ओलांडायच्या आतच समोरून कडकड आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली. जवळच्या गॅरेजमधून बोलावलेल्या मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं.

"भैया, गाड़ी इतनी ऊँची करोगे तो सामने का एक्सल टूटेगा ही. बदलना पड़ेगा. दीदी को उतारिए."

"मी नाही उतरत," आत्या म्हणाली. "एकदा चढली तेच लय झालं. तू कर तुह्यं काम."

मी विनवलं, मेकॅनिकने हात जोडले. शेवटी त्याने आत्यासकट गाडी जॅकवर घेतली, खाली भक्कम ठोकळे लावले आणि चाकं काढली. आत्या वर शेंगदाणे खात बसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबांचा होता. गाडी गेली, असंच मी धरून चाललो.

"हव दादा, गाडीतच आहो," आत्या म्हणाली. "पोट्ट्याले ठेवू दे. सकाळपासून बसून आहो, एक धक्का नाही लागला."