नळीतलं पाणी

नाय नाय, मशीन बंद पडली असं कुठं म्हणले मी, मशीन चालते की — तक्रार तिच्या हवेची हाय दादा. तुम्ही बसा, त्या खुर्चीवर बसा, ती डुगडुगत नाय. पाणी देते. अर्धाच तांब्या भरते, राग मानू नका, टँकर काल यायचा तो अजून आला नाय. मागं ती उंच बिल्डिंग उठली बघा, त्यांनी खोल बोर मारला तसा आमचा नुसता खाकरायला लागला. सगळ्या बजाजनगरात हीच गत. तर हवा. तुमच्या कागदावर नाव असंल — व्हय, पुंजाराम, तेच आमचे मालक. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर हाईत, शिफ्टची माणसं वाळूजला न्यायची आन् आणून सोडायची. घोरता घोरता श्वासच थांबायचा त्यांचा. मी उठून बसायची, पुढचा येतो का नाय बघत. दिवसा मग डुलक्या. कंपनीच्या डॉक्टरनं पकडलं. म्हणाला, ही मशीन तोंडाला लावून झोपायचं, महिन्याला तिच्यातलं कार्ड आणून दाखवायचं, रात्रभर लावलेली दिसली तरच स्टेअरिंग. तोवर त्यांना गेटवर बसवलं होतं, दांडी वर करायला आन् खाली करायला. जन्मभर गाडी चालवलेला माणूस दादा, आपल्याच बसला दांडी उघडून द्यायचा आन् खाली मान घालायचा. घरी येऊन भाकरी नीट खाईना. ते दिवस मला परत बघायचे नायत.

आता हवेचं सांगते. हिच्यात ती पाण्याची डबी हाय, ती तापते, हवेला ओल देते — तुमच्याच माणसानं सांगितलं मशीन देताना. त्यानं घाईत सांगितलं, आम्ही घाईत ऐकलं. ओलीचा आकडा कमी ठेवला तर ह्या उन्हाळ्यात नाक आतून तडकतं, सकाळी रुमालाला रक्त. आकडा वाढवला तर तापल्या तव्यावर तोंड धरल्यावाणी, जीव घाबरा होतो. मग म्हणलं खोली गार करावी. कूलर लावला. कूलरला बादल्या ओतायच्या कुठल्या? धुणं धुतलेलं पाणी ओतलं, त्याचा वास सुटला, म्हणून वाळा टाकला. बरं, खोली गार झाली की नळीत पाणी धरतं. माठाला बाहेरून पाझर सुटतो ना, तसा नळीला आतून. आधी थेंब, मग गुळगुळ, आन् मधीच एक घोट नाकात. झोपेत, दादा. कुणी विहिरीत ढकलल्यासारखं होतं. हात आपोआप जातो, पट्टा ओढून फेकून देतो माणूस. मी त्या नळीला जुन्या लुगड्याची खोळ शिवली, हसू नका — बरोबर केलं म्हणता? चला, एक तरी धड झालं म्हणायचं. डबीत बी वाळ्याची काडी टाकली होती एकदा, माठात टाकतो तशी, रात्रभर खोकला. आन् पाणी म्हणाल तर आधी जारचं घातलं, त्याचा पांढरा थर बसला. मग मालकांनी गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं, म्हणाले ह्याच्यापेक्षा शुद्ध काय असतंय — डोळे नका वटारू, फेकून दिलं ते. आता उकळून, गाळून घालते. ते बी नको? मेडिकलातून डिस्टिल्ड आणायचं? आणते. सांगाल ते आणते. फक्त तो आकडा एकदा असा लावून द्या की हवा कोरडी बी नको, गरम बी नको आन् नाकात पाणी बी नको. आजच लावून द्या. उद्यावर नका टाकू, पाया पडते तुमच्या.

मशीन? ती काय वर, फळीवर, देवाशेजारी. खाली कशी ठेवायची? जीव वाचवणारी वस्तू, कुणाचा पाय लागला म्हणजे? खंडेनवमीला मालक बसला हार घालतेत, नारळ फोडतेत, तवा हिला बी हळद-कुंकू वाहिलं आन् देवाशेजारी जागा दिली. थांबा, स्टूल देते तुम्हाला. कार्ड काढता? काढा ना. रात्रभर लावलेली दिसते म्हणता — दिसणारच, मी काय खोटं बोलले का? आन् श्वास? पहिल्या तासाला तुटक तुटक, मधी जरा बंद, आन् मग एकदम सरळ, एक बी श्वास चुकत नाय. रोजचंच? असंल. मशीन लागू पडली म्हणायची. असं बघू नका माझ्याकडं, मला काय कळतं त्या रेघांमधलं? तुम्ही आकड्याचं बघा.

कुठं नेता उचलून? स्टुलावर ठेवता? पलंगापेक्षा खाली ठेवायची? कामून? — पाणी उताराला जातं म्हणून. नळीतलं पाणी परत डबीत जाईल. नाकात यायचं नाय.

एवढंच?

नाय, मला काय झालं नाय. बसते जरा. दादा, मी पाचोडकडची. बापाच्या रानात रात्रंदिवस दारं धरलेत मी, ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी फिरवलंय. पाणी उताराला जातं हे मला शिकवायला माणूस यावं लागलं. वर देवाजवळ ठेवली मी मशीन, आन् खाली माणूस निजवला, आन् वर म्हणले नळीत खोट हाय. एवढ्यासाठी इतक्या रात्री मी नाकात पाणी घेत बसले, ठसका दाबून धरला, उशीत तोंड खुपसून खोकले —

काय म्हणता? व्हय, मीच म्हणले. माझ्याच नाकात.

आता निघालंच तोंडातून तर ऐका. ते तासाभरात ओढून फेकतेत. झोपेतच, त्यांना पत्ता बी नसतो. पहिल्यांदा मी परत लावायची, परत फेकायचे, एकदा तर झोपेतच हात बसला माझ्या गालावर. आन् कार्ड तर डोळे लावून बसलेलं. नळी तशीच उशाला फूं फूं करायची. मग एका रात्री मीच लावून घेतली. म्हणलं आजचा दिवस. मग रोजचंच झालं. पहाटे ते उठायच्या आत परत त्यांच्या तोंडावर चढवायची, आन् उठले की म्हणायची, रात्रभर छान झोपलात. त्यांना वाटतं आपण बरे झालो. तो सरळ श्वास माझा हाय, दादा. डॉक्टर ज्याच्यावर खूश हाय तो माझा श्वास हाय. आन् खूश म्हणजे किती — इतका खूश की कंपनीनं आजपासून पाचोडची फेरी दिली त्यांना. लांबची फेरी, एका बसभर बायका-पोरी. आमच्या शेजारच्या भागूबाईची सून बी कंपनीतच हाय, आज त्याच बसनं माहेरी जायची, पोटुशी हाय. काल मला पेढा दिला तिनं. म्हणली, काकांच्या गाडीत बसलं की कशी फिकीर नाय.

परवा बस डांबर सोडून खाली उतरली. बाभळीच्या अलीकडं थांबली, मोकळीच होती म्हणून बरं. कंपनीत सांगितलं कुत्रं आडवं आलं. घरी आले, दार लावून घेतलं, आन् मला म्हणाले, आवडे, रात्रभर मशीन लावतो तरी डोळा कामून लागतो गं, मला दुसरंच काही झालंय का? एवढा मोठा बाप्या, लेकरावाणी विचारत होता. आन् मी काय म्हणले? उन्हाचा त्रास असंल, म्हणले. लिंबू-सरबत करून दिलं. तोंडापर्यंत आलं होतं सगळं, गिळून टाकलं. कारण मग परत ती दांडी, परत ती खाली घातलेली मान.

तुम्ही नका लिहू काही. ऐका ना — आता जागा तर सापडली मशीनला. आज रात्री लावतील, पाणी येणार नाय, फेकणार नायत, हळूहळू खरंच बरे होतील. मग मागचं उकरून कुणाचं भलं हाय? तुम्हाला बी घरदार असंल. काय म्हणता — आज? आज काय? आजची फेरी, व्हय. आता जेवायला येतील आन् इथूनच पाचोड. नाय, रात्र आजच्या फेरीनंतर हाय. मला कळतं, दादा. मला पहाटेपासून कळतंय, म्हणून तर तुम्हाला सारखा फोन लावत होते. मला वाटलं तुम्ही याल, आकडा फिरवाल आन् ते इथं बसल्या बसल्या बरे होतील. येडी हाय मी.

ऐकलं? समोरच्या मैदानात बस लागली. त्यांचीच हाय, ब्रेकचा आवाज ओळखते मी. तुम्ही उठू नका. तुम्ही गेलात तर मी परत सरबतच करीन, मला माहीत हाय मी कशी हाय ते. तुम्ही फक्त बसून राहा, बोलायचं मी बोलते.

या. हे मशीनवाले दादा हाईत, मीच बोलावलं. नाय, जेवण नंतर. पाणी बी नंतर. आधी बसची चावी माझ्या हातात द्या.