विश्राम बिडव्यानं मीटिंग शोधली

घ्या, दोन्ही हात वर करून एकदा नाम घ्या! असं नको, खांबाला टेकलेल्यांनीसुद्धा! हां!

मंडळी, ऐका. साधा प्रश्न विचारतो. बिघडायला निघालेला माणूस छाती काढून चालतो — आणि सुधारायला निघालेला माणूस भिंतीच्या कडेनं का हो चालतो? लाज कुणाला वाटायला पाहिजे, आणि वाटते कुणाला?

आता आख्यान. बार्शीत एक विश्राम बिडवे होता. जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. हात सोन्याचा! पण संध्याकाळ झाली की त्याच हाताला ग्लास लागायचा. पुढं पुढं तर संध्याकाळ दुपारीच व्हायला लागली! हसताय? तुमच्यातले दोघं खाली बघतायत, मला दिसतंय इथून!

एके दिवशी या महाराजांनी प्यालेल्या अवस्थेत घरचाच मिक्सर उघडला. तार जोडली भलतीकडेच. बायको गिरिजा चटणी वाटायला गेली — आणि फेकली गेली हो भिंतीवर! तळहात भाजला. जीव वाचला, देवाची कृपा.

दवाखान्यात विश्राम ढसाढसा रडायला लागला. गिरिजा म्हणाली, "रडू नका. मी गेले असते ना, तर माझ्या तेराव्यालासुद्धा तुम्ही पिऊनच आला असता."

ओरडून नाही, मंडळी. शांतपणे! अन् ते खरं होतं, म्हणून तर काळजात घुसलं.

विश्राम डॉक्टरांकडे गेला. "साहेब, मला सोडायचीय. पण सुटत नाही."

डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, ते न चुकता घ्या. पण एकटे लढू नका. दारू सोडलेली माणसं दर शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जमतात. इथंच पेठेत कुठंतरी. चौकशी करा."

चौकशी करा! सोपं आहे का ते? दारूचं दुकान शोधायला विश्रामला कधी चौकशी लागली नव्हती. पण आता विचारायचं कसं? शुक्रवारी टोपी डोळ्यांपर्यंत ओढून स्वारी निघाली. पानवाल्याजवळ गेला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "ती मंडळी... संध्याकाळी... बसतात कुठं?"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं 'बसणं' म्हणजे काय? — बघा, हे उत्तर सगळ्यांना पाठ!

पानवाल्यानं डोळा मारला. "बसायचंय? गल्लीच्या टोकाला जा, मागच्या दारानं!"

विश्राम पळाला तिथनं! पुढं रिक्षावाला. म्हटलं, आता शब्द बदलू. "दादा, ती दारूची... मीटिंग असते ना?"

"दारूची मीटिंग?" रिक्षावाल्याचे डोळेच चमकले. "बसा मागं! भाडं नको, फक्त मलाही आत घ्या!"

आणि कुठं उतरवलं? थेट परमिट रूमच्या दारात! आतून तो वास आला. ओळखीचा वेटर हाक मारतोय, "या बिडवेशेठ, तुमची जागा रिकामी आहे!" विश्रामचा एक पाय उचलला गेला, मंडळी. हसू नका आता. तहान काय असते ते ज्याला लागते त्यालाच कळतं. पाय पायरीवर, घसा कोरडा — आणि डोळ्यांपुढं गिरिजाचा पट्टी बांधलेला हात. पाय खाली आला. कसा आला, ते त्यालाही कळलं नाही. रिक्षावाला एकटाच आत गेला!

कोपऱ्यावर एक गजरेवाली मावशी होती. विश्रामनं टोपी काढली. "मावशी, मी दारुडा आहे. मला दारू सोडायचीय. ती माणसं कुठं भेटतात?"

मावशी हसली नाही. म्हणाली, "नगरपालिकेच्या शाळेत, वरच्या मजल्यावर. माझा दीर जातो. जा बाबा, जा लवकर."

एवढंच हो! सरळ विचारलं — सरळ उत्तर!

विश्राम धावत वर गेला. पहिल्या खोलीत दिवा, पंधरा-वीस माणसं. आता थांबलो तर पळून जाईन, म्हणून हा दारातूनच ओरडला, "मी विश्राम बिडवे! मी रोज पितो! माझ्यामुळं बायको मरता मरता वाचली! मला तुमच्यात घ्या!"

सगळ्या माना दाराकडं वळल्या!

कारण ती होती ज्येष्ठ नागरिक संघाची सभा. सहलीला श्रीखंड न्यायचं की बासुंदी, यावर वाद रंगला होता! एक आजोबा म्हणाले, "घेतलं असतं हो तुम्हाला, पण वय बसत नाही!"

सगळे हसले. विश्रामला वाटलं, जमीन दुभंगावी. तो मागं वळला आणि जिन्याकडं निघाला. गेला असता, मंडळी. तो जिना उतरला असता, तर परत कधी चढला नसता.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. औटी गुरुजी! अर्ध्या बार्शीला ज्यांनी पाढे शिकवले ते. पांढरं धोतर, बोलणं मोजकं. म्हणाले, "थांबा बिडवे. तुमची खोली शेजारची. चला, मीही तिकडंच निघालोय."

एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं तर शुक्रवारी भजन असतं ना?"

गुरुजी आजींकडं वळले. मग म्हणाले, "नाही वहिनी. इतकी वर्षं खोटं सांगितलं. मीसुद्धा यांच्यातलाच आहे."

आता कुणी हसलं नाही. गुरुजींनी विश्रामचा हात धरला, शेजारचं दार उघडलं, त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

पुढं काय झालं? विश्राम मध्ये एकदा घसरला. पडला की हो! गुरुजी घरी गेले आणि पुन्हा घेऊन आले. आज तो पीत नाही. उद्याचं तो बोलत नाही. गिरिजा मिक्सर लावते, पण आधी त्याच्याकडं एकदा बघते. विश्वास हळूहळू येतो, माउली.

आता माझं बोट तुमच्याकडं. उद्या तुमच्या आळीतला कुणी मान खाली घालून असली वाट विचारील. तुम्ही हसाल, तर तो जिना उतरून जाईल. नुसतं बोट दाखवाल, तर कदाचित पोचेल, कदाचित नाही. हातातलं काम खाली ठेवा आणि त्याच्याबरोबर दारापर्यंत चाला. आणि तो विचारणारा आज इथंच बसला असेल, तर बाबा, कीर्तन संपल्यावर मला गाठ. मी येतो बरोबर!

वाजवा टाळ, देवाचं नाव घ्या!