प्लायवूडच्या पलीकडची ‘ब’ तुकडी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, संस्थेचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे आज वेळात वेळ काढून आलो त्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या बाई, माझे आजी-माजी सहकारी, पालकवर्ग, आणि पुढे सतरंजीवर बसून हे म्हातारं केव्हा खाली बसतंय याची वाट बघणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

हा माईक जरा खाली घेता का कोणी? सोळा वर्षांपूर्वी माझ्या निरोपाच्या वेळी तो बरोबर तोंडाशी आला होता. माईक तेवढाच आहे, मी आखडलो. हां, आता ठीक.

सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या तरुण भगिनीनं माझी ओळख करून देताना ‘बाईंचे पहिल्या दिवसापासूनचे खंदे पाठीराखे’ असे शब्द वापरले. आपण टाळ्याही वाजवल्यात. त्या मी तिथल्या तिथे थांबवायला हव्या होत्या. पण पंच्याहत्तरीला टेकलेल्या माणसाला टाळ्या थांबवणं फार जिवावर येतं. त्या ओळखीबद्दल मला थोडं बोलायचं आहे. घड्याळ माझ्या समोरच आहे, काळजी नसावी.

नवीन मंडळींना माहीत नसेल, पण आजचा जो संगणक कक्ष आहे, तिथं पूर्वी एक लांबलचक खोली होती. वर्ग कमी पडू लागले म्हणून तिच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली. अलीकडे ‘अ’ तुकडी, पलीकडे ‘ब’. चौथी आणि पाचवी, दोन्ही वर्षं मुलं एकाच शिक्षकाकडे असत. ‘अ’ माझी, ‘ब’ बाईंची. ती भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वर हातभर जागा मोकळी होती आणि त्या हातभर जागेतून पलीकडचं सगळं व्याकरण माझ्या डोक्यावर येऊन आदळायचं.

“वीट!” बाई ओरडायच्या, आणि चेंडू कोणीतरी झेलल्याचा धप्प आवाज यायचा. “विटा!” मग दुसरा धप्प. “लाट!” “लाटा!” “भिंत!” “भिंती!” कधीकधी तो चेंडू भिंतीवरून माझ्या वर्गात यायचा. माझी चाळीस मुलं त्या चेंडूकडे ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नाही. मी चेंडू उचलून फळ्याखाली ठेवायचो. शाळा सुटल्यावर बाई हसत हसत तो न्यायला यायच्या, आणि मी न हसता द्यायचो.

मुलं मला पूर्णविराम सर म्हणायची. मला ते माहीत होतं. मुलांना वाटायचं, माहीत नाही. बाईंना खेळबाई म्हणायची. यातलं कुठलं नाव प्रेमानं ठेवलेलं होतं, हे मी आपल्याला सांगायला हवं का?

माझी पद्धत साधी. व्याख्या फळ्यावर लिहायची, सगळ्यांनी पाच वेळा म्हणायची, मग वहीत उतरवायची. अव्यय म्हणजे काय, हे माझ्या वर्गातलं कुठलंही मूल झोपेतून उठवलं तरी धडाधड सांगायचं. बाईंच्या वर्गात अव्यय म्हणजे एक खेळ होता. मुलांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या. कोणी ‘घोडा’, कोणी ‘नदी’, कोणी ‘काळा’. आणि चार-पाच जणांच्या गळ्यात ‘आणि’, ‘किंवा’, ‘हळूहळू’, ‘अबब’. बाईंनी “अनेकवचन!” म्हटलं की घोड्यानं धावत जाऊन ‘घोडे’ची पाटी हुडकायची, नदीनं ‘नद्या’ची. अव्ययांनी मात्र जागचं हलायचं नाही, कारण अव्यय कशानंच बदलत नाही. आणि बाकीच्यांनी वेडंवाकडं तोंड करून त्यांना हसवायचं. ज्याचे दात दिसले, तो बाद. आता सांगा, पलीकडे हे चाललं असताना अलीकडे चाळीस मुलांना व्याख्या म्हणायला लावणाऱ्या माणसाची काय अवस्था होत असेल?

मी मुख्याध्यापकांकडे तोंडी कुरकुर करायचो. ते म्हणायचे, “अहो सर, निकाल दोघांचेही सारखेच आहेत.” ते खरंच होतं, आणि त्याचाच मला राग होता.

अशी अकरा वर्षं गेली. मग माझी नात माझ्याकडे राहायला आली.

तिच्या आईवडिलांची, म्हणजे माझ्या मुलीची आणि जावयांची, एकाच वेळी लांब बदली झाली. तिथं बस्तान बसेपर्यंत दोन वर्षं लेकीला आजोबांकडे ठेवायचं ठरलं. ठकू नऊ वर्षांची. आजी तिच्या जन्माआधीच गेलेली, म्हणजे घरात आम्ही दोघंच. फार गप्प मुलगी. आईचा फोन आला की ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलायची नाही, फोन ठेवला की बराच वेळ तिथंच उभी राहायची. ती चौथीत माझ्याच वर्गात आली. घरी मी आजोबा, वर्गात सर. ती कधी चुकली नाही. मीच एकदा भर तासाला “ठकू, खडू दे गं” म्हणून बसलो आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर ही फ्रिजसमोर हात खाली सोडून ताठ उभी. डोळ्याची पापणी लवत नाही. म्हटलं, “काय गं, काय होतंय?”

मी खांदा हलवला. तेव्हा ओठ न हलवता म्हणाली, “आजोबा, हसवून बघा मला. मी अव्यय झालेय.”

मी हसवायचा प्रयत्न केला. मला येत नाही ते. पण ती त्यानंतर रोज सराव करायची. फ्रिजच्या दारात स्वतःचं धूसर प्रतिबिंब दिसायचं, त्याच्याकडे बघत उभी राहायची. मला म्हणाली, “बाईंच्या वर्गात मी कधीच बाद होणार नाही. मला गप्प राहता येतं.” तिच्यात जे सगळ्यांना कमी वाटत होतं, ते पलीकडच्या वर्गात कामाला येणार होतं. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी म्हणालो, “भाजी चिरायला घे.”

चौथीचा निकाल लागला आणि तिनं विचारलं, “पाचवीला मला ‘ब’मध्ये घालाल?”

“का? मी काय वाईट शिकवतो?”

“नाही. तुम्ही बरोबर शिकवता.”

अध्यक्ष महोदय, इतक्या वर्षांच्या नोकरीत मला बरीच बोलणी बसली, पण त्या ‘बरोबर’नं माझ्या जिव्हारी घाव घातला. तुकडी बदलायला पालकाचा अर्ज लागायचा. पालक मीच. मी अर्जावर सही केली, कारण पोरीला नाही म्हणायला तोंड उघडेना. आणि त्याच आठवड्यात मी दुसरंही एक पत्र लिहिलं.

बाई, तुम्ही थोडं पाणी घ्या. अशा माझ्याकडे बघू नका, नाहीतर माझ्याच्यानं पुढचं होणार नाही.

‘व्याकरणासारख्या विषयाचा चाललेला पोरखेळ’ असा त्या पत्राचा विषय होता. माझं अक्षर शाळेतला शिपाईसुद्धा ओळखायचा, म्हणून मी ते दूरच्या एका टायपिस्टकडून टाइप करून घेतलं. तो टाइप करता करता म्हणाला, “काका, हे पालक भलतेच तापलेत हो.” खाली सही नव्हती. ‘एक चिंतातुर पालक’, एवढंच होतं. ते पत्र मी संस्थेच्या समितीला पाठवलं. सभागृहात त्या काळातले सहकारी आहेत, त्यांना ते पत्र आठवत असेल. कोणाचं ते आजवर कोणाला कळलं नाही. ते माझं.

थांबा, कृपा करून कुजबुज नको. अजून अर्धं राहिलंय, आणि उरलेलं अर्धं जास्त वाईट आहे.

समितीनं बाईंकडून आठ दिवसांत लेखी उत्तर मागवलं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निकालपत्रकांच्या कामाला शाळेत येत होतो, तेव्हा बाई ते पत्र हातात घेऊन माझ्या वर्गात आल्या. डोळे लाल. म्हणाल्या, “सर, मला मुलांशी बोलता येतं, पण असलं मुद्देसूद लिहिता येत नाही. तुमच्या शब्दाला वजन आहे. उत्तर तुम्ही लिहून द्याल का?”

मी काय करायला हवं होतं? तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, “बघतो.” आणि दोन संध्याकाळी बसून आठ पानी उत्तर लिहिलं. खेळातून मूल भाषा कसं पकडतं, धावता धावता शिकलेलं का विसरत नाही, हसणारं मूल उलट जास्त लक्ष देतं, सगळं लिहिलं. एकेक वाक्य पटून लिहिलं. बारा वर्षं भिंतीवरून ऐकत होतो, मला सगळं तोंडपाठ होतं. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

समितीनं दोन्ही पत्रं वाचली. उत्तर उत्तम आहे, पण तक्रारीची भाषाही तोलामोलाची आहे, सबब पालकांची नाराजी नको, असं ठरलं. एक वर्ष सगळ्या तुकड्यांना फक्त पाठ्यपुस्तक. चेंडू, पाट्या, सगळं कपाटात. किल्ली कार्यालयात.

त्या वर्षी माझी नात ‘ब’ तुकडीत बसली.

जूनच्या पहिल्या दिवशी ती वेणी घट्ट घालून गेली. घरी आल्यावर मी विचारलं, “काय झालं आज?” “धडा झाला.” दुसऱ्या दिवशीही धडा झाला. तरी पहिली सहामाही संपेपर्यंत ती फ्रिजसमोर उभी राहायची. मग एके दिवशी मी बघितलं, ती फ्रिजसमोर उभी होती, पण पाण्याची बाटली काढायला. तिनं एकदाही बाईंबद्दल तक्रार केली नाही. खेळ का बंद झाले, असंही विचारलं नाही. वर्ष संपलं, तिचे आईवडील येऊन तिला घेऊन गेले. त्याच जूनमध्ये नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाट उघडलं.

आणि माझं काय? मला हवी होती ती शांतता मला वर्षभर मिळाली. मी “अव्यय म्हणजे” म्हणायचो आणि पुढचं वाक्य विसरायचो. मुलं माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी त्या वरच्या हातभर जागेकडे. चेंडू यावा, असं मला वाटायचं. शाळा सुटल्यावर बाई आपल्या खुर्चीत बसलेल्या दिसायच्या, न्यायला काही नसायचं. तो गलका परत सुरू झाला तेव्हा माझं नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं होतं. ते सबंध वर्ष मी भिंतीला खुर्ची लावून बसलो. निवृत्तीनंतर घरात इतकी सामसूम असते की दुपारी आपोआप कान त्या आवाजाची वाट बघतात. मला तो वर्ग आतून कधीच दिसला नाही. चौदा वर्षं शेजारी असून मी एकदाही दार ढकलून आत गेलो नाही, आणि आता जावंसं वाटतं तर तिथं संगणक आहेत.

परवा बाई निमंत्रण द्यायला घरी आल्या. चहा घेताना म्हणाल्या, “सर, भाषणात बाकी काही नको. त्या वर्षी तुम्ही एकटे माझ्या बाजूनं उभे राहिलात, तेवढं सांगा. मी ते आठ पानी पत्र अजून जपून ठेवलंय.” बाई, ते जपून ठेवा. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त ते लिहिणाऱ्याबद्दलचा तुमचा समज काढून टाका. तीस वर्षांच्या कामानंतर तुम्ही चुकीच्या माणसाचे आभार मानत घरी जावं, हे मला सोसवलं नाही.

चौथ्या रांगेत खिडकीशी एक तरुणी बसली आहे. आपल्या बाईंचा निरोप म्हणून रजा काढून, आठ तासांचा प्रवास करून आली आहे. बाईंनी तिला एकच वर्ष शिकवलं, तेही हात बांधलेल्या अवस्थेत, तरी ती आली. सकाळी मी तिला विचारलं, “भाषणात काय बोलू?” म्हणाली, “काहीही बोला, पण लांबवू नका.” ही हकिकत तीसुद्धा आपल्याबरोबर आत्ताच ऐकते आहे. काल रात्रीपासून सांगायचं म्हणत होतो. जमलं नाही. इथं शंभर माणसांसमोर जे बोलता आलं, ते घरी एका माणसासमोर बोलता आलं नाही, हा माझा भित्रेपणा.

बाई, माझी एकच विनंती आहे. कपाटाची किल्ली कार्यालयात जमा करण्याआधी एक डाव मांडा. इथली मुलं आहेतच. त्यात अठ्ठावीस वर्षांच्या एका मुलीलाही गळ्यात पाटी घालून उभं करा, जर ती तयार असेल तर. तिला तयार व्हायचं नसेल, तर तेही तिच्या हक्काचं आहे.

संस्थेनं मला बोलायला बोलावलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघूनही मला थांबवलं नाही, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही कमी-अधिक झालं असेल, तर ते सभागृहानं पोटात घालावं. त्या एका वर्षाची क्षमा मात्र सभागृहाकडे मागून भागायचं नाही. बाई, तुमच्याकडे मी येणार आहे, पण आधी मला खाली जाऊ द्या. बालमित्रांनो, जरा पाय आवरा, मला वाट करून द्या.

ठकू, उठलीस का? जाऊ नकोस. मी येतोय तिकडे.