खणीवरची घरं नामंजूर करणारा माणूस

वहिनी, आणि तालमीत जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

दारात उभे आहात ते थोडं सरकून आत या. इंगवले इन्स्पेक्टरांच्या शोकसभेला एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. मी काही बोलणारा माणूस नव्हे. उद्यमनगरात जन्मभर लेथ चालवला, त्या आवाजात ओरडायची सवय. पण मीच बोलायला पाहिजे. या गावात त्यांना सगळ्यात जास्त शिव्या मी दिल्यात.

इंगवले पालिकेच्या आरोग्य खात्यात होते. सायकल, खाकी पिशवी, आणि पिशवीत पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या. सत्तर सालच्या आसपास आम्ही कारखान्यातल्या माणसांनी घरांसाठी सोसायटी काढली. मी सेक्रेटरी. एका खोलीत आई-वडील, आम्ही दोघं आणि कडेवरची पोरगी. स्वतःचं दार कुणाला नको असतं?

जागा मिळाली ती गावाबाहेरच्या जुन्या दगडाच्या खणीवर. खण गावाच्या कचऱ्यानं बुजवलेली. वर माती, मातीवर गवत. आम्ही चुन्याची फक्की मारून प्लॉट आखले. रविवारी बायका-पोरं घेऊन जायचो आणि नसलेल्या घरात बसायचो. बायको म्हणायची, "हितं माझी चूल." शेजारीण म्हणायची, "हाक मार की, भिंतीपल्याड तर हाय मी." भिंत कुठली? फक्कीची रेघ! खरं सांगतो, मंडळी, त्या रेघांत जेवढा आनंद होता तेवढा पुढं सिमेंटच्या भिंतीत मिळाला नाही.

तिकडं नळ नव्हता, म्हणून विहीर काढली. इंगवले आले, बाटल्या भरून घेऊन गेले. मग कागद आला. जागा व पाणी आरोग्यास अपायकारक, सबब बांधकामाची परवानगी नामंजूर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता आमची अक्कल ऐका. कोल्हापूरचा माणूस भांडण कशानं मिटवतो? रश्श्यानं! आम्ही ठरवलं, त्याच विहिरीच्या पाण्यात तांबडा-पांढरा करायचा, त्याच जागेवर पंगत बसवायची आणि इंगवल्यांनाच जेवायला बोलवायचं. माणूस जेवून धडधाकट उठला की कागद खोटा पडला. ते आले. मांडी घालून बसले. तीन वाट्या तांबडा प्याले, पांढरा वेगळाच. आम्ही एकमेकांना डोळे मारतोय.

हात धुतल्यावर मी छाती काढून विचारलं, "काय सायेब, मेलं का कोण?"

"रस्सा झकास झालाय की," ते म्हणाले. "पर सेक्रेटरी, दोन तास रटरटलाय त्यो. त्यात काय जगतंय?" मग उठले, विहिरीतनं तांब्याभर पाणी काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "हे न उकळता पोरीला पाजा. मी आत्ता हितंच सही करतो."

तांब्या माझ्या हातात. सगळे बघतायत. पोरगीला तहान लागलेली, तिनं तोंड पुढं केलं. पाण्याला वास होता, मंडळी. पहिल्या दिवसापासून होता. बायका पाणी शेंदताना पदर नाकाला लावायच्या आणि आम्ही म्हणायचो, नव्या विहिरीला येतोयच. माझा हात काही पुढं झाला नाही. मी पाणी ओतून टाकलं.

तेव्हा लाज वाटायला हवी होती. आला राग. हा माणूस खरा ठरला, याचा राग. पुढं दहा वर्षं, ते परवा जाईपर्यंत, मी त्यांच्याशी बोललो नाही. सकाळी चौकात म्हशी यायच्या, धारेचं दूध प्यायला आम्ही दोघंही तिथंच. ते म्हणायचे, "काय सेक्रेटरी, बरं हाय न्हवं?" मी पेल्यात तोंड घालायचो.

शेवटी सोसायटीला दुसरीकडं चांगली जागा मिळाली. घरं झाली. वास्तुशांतीला इंगवल्यांना बोलवायचं नाही असं आम्ही ठरवलं. आम्ही कशाला म्हणू? मी ठरवलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. पंगती चालू असताना ते सायकलवरनं चाललेले दिसले. थांबले. एक पाय टेकून घराकडं बघत राहिले. मी दारातच होतो. "या" एवढाच शब्द बोलायचा होता. तोही माझ्यानं झाला नाही. तेच म्हणाले, "झालं की घर, सेक्रेटरी. झ्याक झालंय." आणि पायडल मारून गेले.

वहिनी, त्या दिवशी घरी येऊन ते तुम्हाला काय म्हणाले, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडसही नाही. परवा त्यांना खांदा द्यायला आलो, तेव्हा तुमच्या भाड्याच्या दोन खोल्या पहिल्यांदा बघितल्या. आमची पोरं जगावीत म्हणून ज्यानं आमच्या शिव्या खाल्ल्या, त्याला मी माझ्या दारातनं तसंच जाऊ दिलं. माफी मागतो, वहिनी. सगळ्यांसमोर मागतो.

मंडळी, उभं राहूया. त्यांच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहूया. मी दहा वर्षं त्यांच्यापुढं गप्पच होतो. आजचं गप्प राहणं तरी त्यांच्या मानाचं असू दे.