चारामागची दोन शून्यं

मंडळी, शून्याकडे नीट पाहिलंय कधी? बाकीच्या आकड्यांना शेपट्या आहेत, पोटं आहेत. हा नुसता गोल. पण चाराच्या मागे दोनदा बसला, की चारशे! मग सांगा – आपल्या कामाचं कौतुक करताना खोटं नेमकं कितव्या शून्यापासून सुरू होतं?

ऐका! सांगलीत इरावती तांबवेकर नावाची बाई. सात वर्षं खपून तिनं संगणकाला हुकूम देण्याची नवी भाषा केली. नाव काय? – करंजी! वापरणारे किती? चार. त्यातला एक सख्खा दीर!

भाषेचं नाव व्हावं म्हणून तिनं प्रोग्रामरांचं संमेलन बोलावलं. प्रसिद्धीला नेमला हेरंब दिघे. तो म्हणाला, "ताई, 'चारशे लोक ही भाषा बोलतात' असं लिहू?"

"अहो, बोलत नाहीत, लिहितात. आणि चारशे..."

"लिहू ना?"

"बघू."

तबलजी, हसू नका! मागच्या गावी माझ्या कीर्तनाला 'हजारोंचा जनसमुदाय' छापून आणलात, ते तुम्हीच ना?

पेपरात बातमी आली – 'सांगलीत नव्या बोलीचा जन्म!' संमेलनाला सभागृह गच्च! कोण आलं? कवी! एकसष्ट! प्रोग्रामर अकरा, तेही भिंतीला टेकून उभे. पुढच्या रांगेतल्या काकू विचारतात, "अगं, करंजीत मावशीला काय म्हणतात?"

तेवढ्यात कविवर्य विसाळे आपणहून मंचावर! पत्रकावर करंजीतले हुकूम छापलेले, तेच त्यांनी सुरात म्हटले – "जर... नाहीतर... पुन्हा... पुन्हा... थांब!"

"वा! काय विरह आहे!" – टाळ्याच टाळ्या!

हेरंब कानाशी लागला, "ताई, गप्प राहा. फोटो निघतायत. उद्या करंजी घराघरात!"

खरं बोलावं, तर सभागृह रिकामं. सात वर्षांचं काम पुन्हा कपाटात. न बोलावं, तर उद्यापासून कवींना करंजी बोलायला शिकवायचं कुणी?

मंडळी, तुमच्याही कामामागे कुणीतरी शून्य लावतं. तुम्ही पाहून न पाहिल्यासारखं करता – करता ना? माना खाली घालू नका! देवाला आपली संख्या ठाऊक आहे. लाजायचं कुणाला?

इरावती उठली. माईक घेतला. तो आधी कुईं करून ओरडला. मग ती म्हणाली, "ही भाषा बोलता येत नाही. वापरणारे चार आहेत. कविमंडळी, भिंतीशी उभ्या त्या अकरा प्रोग्रामरांना खुर्च्या सोडा. आणि हेरंबराव – बातमी मी मागे घेते."