खालची वाट

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे खाणीचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, इतकी वर्षं चर्चची सेवा करून आज आपला निरोप घेणाऱ्या पाळकबाई आणि समोर बसलेले सगळे, सगळ्यांना सलाम.

मी आठवीतच शाळा सोडली. भाषण मोबाईलवर एका बोटानं लिहिलंय, फार वेळ लागला, शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. वाचताना अडखळले तर हसा, पण हळू.

बाईंनी आमच्यासाठी काय केलं? खरं सांगू? फारसं काही नाही. दादा खाणीत पाण्यात सापडून गेला, तेव्हा आमच्याकडे माणसांची रीघ लागली. जो तो म्हणे, "देवाची इच्छा." बाई आल्या त्या सरळ मोरीत जाऊन भांडी घासायला बसल्या. आई त्यांच्यावर खेकसली, "तेव्हा कुठं होता तुमचा देव?" बाईंनी हातातला तवा खाली ठेवला. म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. पण येशूलाही मातीत ठेवलं होतं. खालची वाट त्याच्या पायाखालची आहे."

आईला रडूच येत नव्हतं. दफनाच्या दिवशी आपल्या पेटीवाल्या आजोबांनी काय वाजवलं, आठवतंय? लग्नाचं गीत! दादाच्या लग्नासाठी महिनाभर तेच बसवत होते, हात आपोआप तिकडेच गेले. सगळे गार. आजोबा डोळे मिटून रंगलेले, त्यांना ऐकूही कमी येतं, थांबवणार कोण? तेवढ्यात बाईच गायला लागल्या. मग आपण सगळे. दुसऱ्या कडव्याला आई रडली. घरी आल्यावर म्हणाली, "पोचली माझ्या लेकाची वरात."

आता पुढचं मोबाईलमध्ये नाही.

साहेब, खाणीतलं पाणी उपसणारा पंप सकाळपासून धाप टाकतोय. इथं खुर्चीच्या पायांतून कळतंय. दादा गेला त्या सकाळीही तो असाच खोकत होता. या सगळ्या बायका माझं भाषण ऐकत नाहीयेत, पंप ऐकतायत. बघा त्यांच्या माना, सगळ्या खाणीकडे वळल्यात. आम्ही रोज प्रार्थना करतो, पण तुमच्यासमोर तोंड उघडत नाही. बाई, तुम्हीच म्हणायचात ना, प्रार्थना झाली की गुडघ्यावरून उठायचं असतं? म्हणून उठले.

बाबा, तुम्ही मागं बूट घालूनच बसलाय. आज दुपारपाळीला उतरू नका.

थांबला.

ऐकलंत? थांबला पंप.

बाबा, कुठं निघालात? काय? बाबा म्हणतायत, "उतरायला नाही गं, सकाळपाळीला वर बोलवायला." जा मग, पळा. साहेब, तुम्हीही उठलात, बरं झालं. अहो बाई, तुम्ही कुठं? गळ्यातला हार तरी काढा! प्रभू, आत माणसं आहेत. वाट तुला ठाऊक आहे.

उरलेल्यांनो, ऐकून घेतलंत, आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला, चुकलं असेल ते पोटात घाला. आणि पेटीवाले आजोबा, तुमच्या घरून आत्ताच निरोप आलाय, नात झाली तुम्हाला.

ऐकू आलं का? नात!