कफनाच्या कापडाची भरपाई

चहा घ्या, पण त्या कारकुनाचा विषय काढू नका. अजून माझं डोकं फिरतं.

निजामाच्या राज्यात भोकरदनच्या बाजूला माझं कापडाचं दुकान होतं. नदीला पूर आल्ता, नऊ माणसं गेल्ती. तहसीलदार स्वतः दुकानात येऊन म्हणले, "कफनाला कापड द्या, सरकार भरपाई देईल." मी आख्खा तागा दिला.

पाच महिन्यांनी कचेरीत गेलो, तर कारकून म्हणतो, "वापरलेलं कापड तपासणीला आणा. मंगच पैसे."

मी म्हणलं, "साहेब, निम्मं चितेवर जळालं, निम्मं मातीत हाय. फावडं देतो, तुमीच उकरा."

त्यानं मान वर न करता अर्जावर उर्दूत काहीतरी लिहिलं. बाहेर बसलेल्या एका वकिलानं मला ते वाचून दाखवलं: "अर्जदार माल पेश करण्यास राजी नाही."